नोड उठला, पण बोलेना

पुण्यातल्या संगणकवाल्यांत क्लस्टरचा विषय निघाला की गाडी ‘परम’वरून सुटते आणि ‘एका’वर येऊन थांबते. १९८८ साली सी-डॅक, १९९१ साली परम ८०००, आणि नोव्हेंबर २००७ मध्ये टाटांच्या सीआरएलनं पुण्यात उभारलेला ‘एका’ जगातल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत चौथा. हे सगळं खरं आहे आणि मलाही त्याचा अभिमान आहे. पण तो टेराफ्लॉपचा इतिहास. आम्ही रॅक उभे करणारी, केबली ओढणारी माणसं. आमच्या धंद्याचा इतिहास वेगळा आहे, आणि तो बहुतेक सगळा नेटवर्क कार्डाभोवती फिरतो. नेमकं सांगायचं तर त्या कार्डाच्या ड्रायव्हरभोवती, जो ऐन वेळी जागेवर नसतो.

दुखणं असं असतं. नोडला, म्हणजे क्लस्टरमधल्या एका मशीनला, पॉवर दिली. पडद्यावर कार्डाचा मॅक पत्ता आला, डीएचसीपीकडून आयपी मिळाला, टीएफटीपीवरून कर्नल उतरला, त्यामागून इनिटआरडी, म्हणजे कर्नलची सुरुवातीची शिदोरी, आली, ठिपके सरकले, निळा पडदा उघडला. आणि मधल्या चौकटीत मजकूर: या प्रकारच्या इन्स्टॉलेशनला लागणारं उपकरण सापडलं नाही, ड्रायव्हर तुम्ही निवडता की ड्रायव्हर डिस्क देता?

शेजारी उभे असलेले प्राध्यापक इथं हमखास विचारतात, "अहो, आत्ता तर नेटवर्क चालत होतं ना? नाहीतर हा कर्नल आला कुठून?" प्रश्न अगदी बरोबर असतो. उत्तर द्यायला मात्र थोडं मागं जावं लागतं.

नेटवर्कवरून मशीन उठवायची कल्पना पीसीवाल्यांची नाही. ऐंशीच्या दशकात सन कंपनीची वर्कस्टेशनं बिनडिस्कची मिळत. डिस्क महाग होती, म्हणून सगळं सर्व्हरवरून यायचं. टीएफटीपी १९८१ चा, आरएआरपी १९८४ चा, बूटपी १९८५ चा. यातला टीएफटीपी मुद्दाम बावळट ठेवलेला आहे: ५१२ बाइटचा तुकडा पाठवायचा, पोच मिळाली की पुढचा पाठवायचा. इतका साधा, की मशीनच्या रॉममध्ये मावावा. त्या काळात ‘ड्रायव्हर नाही’ ही तक्रार फारशी उद्भवतच नसे, कारण मशीन सनचं, आतलं इथरनेट सनचं आणि वर चालणारं युनिक्सही सनचंच. एकाच घरातला कारभार.

पीसीनं तो मोडला. पीसीत कुणाचंही कार्ड बसतं. नोव्हेलनं एनई२००० नावाचं कार्ड काढलं आणि त्याच्या इतक्या नकला निघाल्या की ‘एनई२००० कम्पॅटिबल’ ही खोक्यावरची एक जातच होऊन बसली. लॅमिंग्टन रोडवर कार्ड घ्यायला गेलं तर दुकानदार कंपनीचं नाव सांगण्याआधी हे सांगायचा. खोकं तेच, मॉडेल तेच, आणि आतली चिप मात्र बॅच बदलली की वेगळी, हेही याच काळात सुरू झालं. लिनक्सला खोक्यावरचं नाव कळत नाही, त्याला चिप कळते.

इथं डोनाल्ड बेकरचं नाव घ्यायलाच हवं. १९९४ साली अमेरिकेत नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि बेकर यांनी साधे बाजारी पीसी जोडून बियोवुल्फ उभं केलं. १६ मशीनं, प्रत्येकात ४८६ डीएक्स४ प्रोसेसर, आणि जोडायला दहा मेगाबिटचं इथरनेट. प्रोसेसरच्या मानानं इथरनेट सावकाश पडत होतं, म्हणून प्रत्येक मशीनला दोन इथरनेट जोडून डेटा दोन्हीकडून वाटून पाठवायची व्यवस्था केली. ही सगळी करामत ज्याच्यावर उभी होती ते लिनक्सचे नेटवर्क ड्रायव्हर बेकर स्वतः लिहीत होता: थ्रीकॉमचे, ट्युलिपचे, एनई२००० चे, इंटेलच्या शंभर मेगाबिटवाल्याचे. बियोवुल्फबद्दल बोलताना लोक ‘स्वस्तातला महासंगणक’ एवढंच बोलतात. माझ्या मते त्यातली मोठी गोष्ट ही, की क्लस्टर बांधणारा आणि ड्रायव्हर लिहिणारा हात एकच होता. कार्ड चालेना तर बेकर ड्रायव्हर दुरुस्त करी आणि सगळ्यांना देऊन टाकी. पुढं कित्येक वर्षं जगभरच्या नोडांवर बूट होताना ड्रायव्हरच्या ओळीत त्याचं नाव छापून यायचं. कार्ड ओळखलं गेलं की नाही हे आम्ही त्या ओळीवरूनच ताडत असू.

मी या धंद्यात आलो तेव्हा फ्लॉपी अजून गेलेली नव्हती. रेड हॅटच्या जुन्या आवृत्त्यांत नेटवर्कवरून इन्स्टॉल करायला वेगळी बूट फ्लॉपी असायची. १.४४ एमबीत कर्नल, इन्स्टॉलर आणि शिवाय जगातल्या सगळ्या कार्डांचे ड्रायव्हर कसे मावणार? म्हणून कमी चालणारे ड्रायव्हर दुसऱ्या फ्लॉपीवर. ती मागितली की घालायची. प्रत्येक नोडला फ्लॉपी ड्राइव्ह हवा, आणि फ्लॉपी नोडागणिक फिरवायची. पाच-सहा नोड झाले की एखादी फ्लॉपी खराब निघायची. ज्या कार्डांवर बूट रॉमचा सॉकेट रिकामा असे त्यात इथरबूटचा प्रोग्रॅम ईपीरॉमवर जाळून बसवणारे हौशी लोकही होते. तो छंद छान होता, पण गिऱ्हाइकाच्या पैशानं करण्यासारखा नव्हता.

मग पीएक्सई आलं. इंटेलनं १९९९ च्या सप्टेंबरात त्याची २.१ आवृत्ती जाहीर केली आणि दोनेक वर्षांत ते बहुतेक सर्व्हर बोर्डांवर आयतं यायला लागलं. कार्डाच्या रॉममध्येच एक लहानसा सर्वसाधारण ड्रायव्हर, यूएनडीआय. बूट प्रोग्रॅमला चिप कोणती हे कळायची गरज नाही. तो रॉमला सांगतो, रॉम पाकिटं आणून देतो. एच. पीटर अॅन्विनचा पीएक्सईलिनक्स या रॉमच्याच खांद्यावर बसून कर्नल आणि इनिटआरडी मेमरीत आणतो.

आणि प्राध्यापकांच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. कर्नल एकदा सुरू झाला की तो रॉमला विचारत नाही. त्याला स्वतःचा ड्रायव्हर हवा, त्या नेमक्या चिपचा. तो इनिटआरडीत असला तर ठीक. नसला तर ज्या कार्डानं आत्ता पंधरा एमबी ओढून आणले तेच कार्ड कर्नलला दिसेनासं होतं. एसटीनं फाट्यावर सोडावं आणि पुढं गावात जायला वडापच नसावी, तशी गत. फ्लॉपीच्या काळात निदान दुसरी फ्लॉपी मागायची सोय होती. पीएक्सईच्या सोयीनं फ्लॉपी ड्राइव्ह गेला, पाठोपाठ सीडी ड्राइव्हही गेला, आणि फाट्यावरून चालत जायचा रस्ताही बुजला.

हे दुखणं फक्त लिनक्सचं होतं असं नाही. विंडोज २००० बरोबर आलेल्या रिमोट इन्स्टॉलेशन सर्व्हिसेसमध्येही निवडलेल्या प्रतिमेत तुमच्या कार्डाचा ड्रायव्हर नाही असा संदेश येऊन काम थांबायचं. आजही विंडोजची बूट प्रतिमा पीएक्सईवरून व्यवस्थित उतरते आणि आत गेल्यावर आयपीच मिळत नाही, हा अनुभव त्या बाजूच्या मंडळींना नवा नाही.

क्लस्टरवाल्यांसाठी मात्र हे जिवावरचं झालं, त्याला कारण रॉक्स. नोव्हेंबर २००० मध्ये सॅन डिएगो सुपरकॉम्प्युटर सेंटरमधून ते बाहेर आलं. फिलिप पापाडोपोलस, मेसन कॅट्झ, ग्रेग ब्रुनो ही त्यातली मुख्य माणसं. त्यांचा विचार धाडसी होता: नोड बिघडला, की त्यात काय बदललंय हे शोधत बसू नका, सरळ पुन्हा इन्स्टॉल करा. नोडवर जपण्यासारखं काही ठेवायचंच नाही. रेड हॅटचं आपोआप इन्स्टॉल करणारं किकस्टार्ट घेऊन त्यांनी हे इतकं सोपं केलं की रसायनशास्त्राचा पीएचडीचा विद्यार्थीही क्लस्टर उभा करू लागला. महाराष्ट्रातल्या कितीतरी विभागांत पहिला क्लस्टर रॉक्सवरच उभा राहिला. पण ‘पुन्हा इन्स्टॉल करा’ हे ब्रीद पाळायचं तर नेटवर्क कार्ड इन्स्टॉलरला ओळखता आलंच पाहिजे. बाकी डिस्क, मेमरी, पंखा, सगळं नंतर.

रॉक्समध्ये फ्रंटएंडवर, म्हणजे क्लस्टरच्या मुख्य मशीनवर, इन्सर्ट-ईथर्स नावाचा प्रोग्रॅम चालवायचा आणि मग रॅकमधले नोड खालून वर क्रमानं सुरू करायचे. नोडची डीएचसीपीची हाक ऐकू आली की तो पडद्यावर त्याला नाव देतो, कॉम्प्युट-०-०, कॉम्प्युट-०-१ असं. नावापुढं एक रिकामा कंस उमटतो. नोडनं पुढं येऊन आपली किकस्टार्ट फाइल मागितली की त्या कंसात तारा येतो. आम्ही या ताऱ्याकडं डोळे लावून बसायचो. नाव आलं आणि कंस रिकामाच राहिला, तर समजायचं: रॉम बोलला, कर्नल गप्प आहे.

एका शिक्षणसंस्थेत अशी सगळी रांग रिकाम्या कंसांची पाहिली आहे. सेंटओएस ४ वरचं रॉक्स, आणि मशीनं त्याच वर्षी बाजारात आलेल्या बोर्डांची. दोष कुणाचा नव्हता. सेंटओएस ४ ची पहिली आवृत्ती २००५ ची, बोर्डावरची गिगाबिट चिप त्यानंतरची. ड्रायव्हर इनिटआरडीत होता, त्याच कुटुंबाचा होता, फक्त या नव्या चिपचा क्रमांक त्याला ठाऊक नव्हता. प्रयोगशाळेचे काका म्हणाले, "साहेब, केबल बदलून बघू का?" बदलली. केबल बदलणं हा आमच्याकडचा नारळ फोडण्याचा विधी आहे, तो झाल्याशिवाय पुढचं काम लागत नाही.

खरी चौकशी पुढं. एका नोडला बाहेरून सीडी ड्राइव्ह लावायचा, सीडीवरूनच चालणारं नॉपिक्स लिनक्स चालवायचं आणि एलएसपीसीआय आकड्यांत बघायचं. पीसीआयवरच्या प्रत्येक उपकरणाला दोन क्रमांक असतात, बनवणाऱ्याचा आणि उपकरणाचा. बनवणारे पाठ होऊन जातात: १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १५बी३ म्हणजे मेलानॉक्स. इंटेलनं स्वतःसाठी ८०८६ घेतला, आपल्याच जुन्या प्रोसेसरची आठवण म्हणून असणार, आणि हा क्रमांक कुणीही एकदा पाहिला की विसरत नाही.

क्रमांक कागदावर लिहून घेतला की फ्रंटएंडवर यायचं. इनिटआरडीची गाठ सोडायची, लूपवर माउंट करायचं. आत मॉड्यूल्स फोल्डरमध्ये पीसीआयटेबल नावाची साधी मजकुराची फाइल: दर ओळीत दोन क्रमांक आणि पुढं ड्रायव्हरचं नाव. आपला क्रमांक तिथं नसतो. शेजारच्या गठ्ठ्यात, जो स्वतः सीपीआयओनं बांधलेला आणि वर आवळलेला असतो, प्रत्यक्ष ड्रायव्हर. नवख्याला वाटतं टेबलात एक ओळ घातली की झालं. कधी कधी होतंही. पण चिपच नवी असेल तर ड्रायव्हरचा नवा सोर्स आणून संकलित करावा लागतो, आणि खरी गोम इथं आहे. फ्रंटएंडवर चालतो एसएमपी कर्नल, अनेक प्रोसेसरवाला. त्या काळी इन्स्टॉलरच्या पोटात असायचा एका प्रोसेसरचा कर्नल. आवृत्तीचे आकडे हुबेहूब तेच, पण मॉड्यूलवरचा शिक्का वेगळा. फ्रंटएंडवर उत्तम चाललेलं मॉड्यूल इन्स्टॉलरचा कर्नल दारातच परतवून लावतो, आणि निळ्या पडद्यावर पुन्हा तेच: उपकरण सापडलं नाही. कारण हवं असेल तर आल्ट आणि एफ३ किंवा एफ४ दाबून मागच्या पडद्यांवरचा लॉग वाचायचा. तो न वाचता बोर्ड परत पाठवणारी माणसं मला माहीत आहेत.

इन्स्टॉलरच्या कर्नलसाठी मॉड्यूल नव्यानं बांधलं, गठ्ठ्यात घातलं, टेबलात ओळ लिहिली, सगळं पुन्हा बांधून टीएफटीपीच्या फोल्डरात ठेवलं. कंसात तारा आला. इन्स्टॉलेशन शेवटपर्यंत गेलं, नोड स्वतःहून पुन्हा सुरू झाला आणि पुन्हा गप्प. कारण आता डिस्कवर जो कर्नल बसला तो एसएमपी, त्यातला ड्रायव्हर जुनाच. म्हणजे हेच औषध दोनदा द्यायचं: एकदा इन्स्टॉलरला, एकदा किकस्टार्टच्या शेवटच्या टप्प्यात बसलेल्या प्रणालीला. या धंद्यात मुरलेला आणि नुकता आलेला यांतला फरक मी या दुसऱ्या मात्रेवरून ओळखत आलो आहे.

ड्रायव्हरवर आळ येतो आणि चोर दुसराच असतो, असंही पुष्कळदा होतं. स्विचवर स्पॅनिंग ट्री चालू असेल तर पोर्टला लिंक मिळाल्यावर तो पंधरा सेकंद ऐकतो, पंधरा सेकंद शिकतो, मग रहदारी सोडतो. कर्नलनं ड्रायव्हर चढवताना कार्ड एकदा खाली-वर होतं, हे अर्धं मिनिट नव्यानं मोजायला लागतं, आणि इन्स्टॉलर तेवढ्यात कंटाळतो. बाहेरून चित्र अगदी तेच. फ्रंटएंडच्या लॉगमध्येही पीएक्सईची एकच डीएचसीपीची जोडी दिसते, दुसरी येतच नाही. फरक फक्त नोडच्या मागच्या पडद्यावर: तिथं ड्रायव्हर चढल्याची आणि लिंक मिळाल्याची ओळ असते. इलाज स्विचवर, पोर्टफास्ट चालू करण्याचा. पण कॅम्पसच्या नेटवर्कवाल्या साहेबांकडून तो करून घेणं म्हणजे ड्रायव्हर लिहिण्याहून अवघड. दुसरा चोर दोन कार्डांच्या सर्व्हरवर भेटतो: बायोसनं पहिलं म्हटलेलं कार्ड कर्नलच्या लेखी दुसरं. त्यासाठी पीएक्सईलिनक्सला ज्या कार्डावरून उठला त्याचा मॅक पत्ता कर्नलच्या ओळीत जोडायला सांगता येतं. ही एक ओळ ठाऊक असलेला माणूस कैक तास वाचवतो.

पुढं दुखण्यानं रूप बदललं. ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे, पण चिपला स्वतःचं फर्मवेअर हवं आणि ते मुक्त परवान्याचं नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये आलेल्या डेबियन ६ नं असं सगळं फर्मवेअर कर्नलमधून बाहेर काढलं. त्या वेळच्या असंख्य सर्व्हरांवर ब्रॉडकॉमची बीएनएक्स२ वाली गिगाबिट होती, आणि इन्स्टॉलर फाइलचं नाव सांगून म्हणायचा, ही पेन ड्राइव्हवरून द्या. तत्त्व डेबियनचंच बरोबर होतं, मी आजही तसंच म्हणेन. फक्त ते तत्त्व पाळण्यासाठी सोळा अंश सेल्सियसच्या खोलीत पेन ड्राइव्ह घेऊन रॅकमागं कुणी उभं राहायचं, हे मतदानात येत नाही. शेवटी २०२२ साली डेबियनच्या सभासदांनी मतदान करून इन्स्टॉलरमध्ये हे फर्मवेअर घ्यायचं ठरवलं आणि जून २०२३ च्या बुकवर्ममध्ये ते आलं.

आता हा प्रकार कमी झाला आहे. चिप बनवणारे मोजकेच उरले, त्यांचे ड्रायव्हर कर्नलमध्ये वेळेवर जातात, इथरबूटच्याच वंशातलं आयपीएक्सई एचटीटीपीवरून मोठाल्या प्रतिमा आणतं. टीएफटीपीचा ५१२ बाइटचा तुकडा आणि सोळा बिटचा क्रमांक यांमुळं ३२ एमबीला अडकणारी इनिटआरडी मी पाहिली आहे. आज कुणी त्या फंदात पडत नाही. तरी नवं शंभर गिगाबिटचं कार्ड आणि तीन वर्षं जुनं वितरण यांची गाठ पडली की कंस रिकामा राहतोच. रेड हॅटच्या इन्स्टॉलरला ड्रायव्हर डिस्कचा पत्ता एचटीटीपीचा देता येतो. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर नेटवर्कवरून आणा म्हणणारी ही सोय पाहून आमच्याकडच्या पोरी-पोरांना हसू आवरत नाही. मग त्यातल्याच एकीनं सरळ मार्ग काढला: ड्रायव्हर डिस्कची प्रतिमा सीपीआयओत बांधून दुसरी इनिटआरडी म्हणून पहिलीच्या मागं जोडली. पीएक्सईलिनक्सला स्वल्पविराम देऊन दोन इनिटआरडी सांगता येतात. रॉम बोलतोय तोवरच त्याच्याकडून सगळं सामान उतरवून घ्यायचं.

खरेदीचे कागद मात्र बदललेले नाहीत. निविदेत टेराफ्लॉप असतात, कोअर असतात, मेमरी असते, आणि नेटवर्कच्या रकान्यात ‘गिगाबिट, २ पोर्ट’. चिपचा क्रमांक विचारला की विक्रीचा माणूस म्हणतो, "साहेब, असलं कुणी विचारत नाही हो." मी विचारतो. नमुन्याचं एक मशीन आणायला लावतो, त्यावर एलएसपीसीआय चालवतो, ज्या वितरणाची प्रतिमा बसवायची आहे तिच्या यादीत तो क्रमांक शोधतो, आणि ते एक पान फाइलला लागल्याशिवाय खरेदीवर सही करत नाही.